कोपीतली इंग्रजी

इंग्रजीचा पहिला धडा कुठला असावा, याविषयी माझी मतं पक्की होती. माढ्याच्या शाळेत नोकरीभर पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवलेल्या बाईची असतात तशी. आधी मुळाक्षरं, मग छोटे शब्द, मग वाक्यं. ऊसतोडीच्या तळावर यातलं काही चाललं नाही. तिथं पहिला धडा ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटवर झाला आणि तो मी ठरवलेला नव्हता. एका बाईनं ट्रॉलीच्या मागच्या प्लेटवर उसाचं टिपरू टेकवून विचारलं, "बाई, ही दोन अक्षरं समद्याच गाड्यांवर हायेत, ती कोन्ती?"

एम आणि एच. पुढं २३. तेवीस म्हणजे बीड, चव्वेचाळीस म्हणजे अंबाजोगाई, तेरा सोलापूर, पंचेचाळीस अकलूज. एवढं कळल्यावर फडाकडं जाता-येता बायका रस्त्यावरच्या गाड्या वाचायला लागल्या. तेवीस दिसली की ट्रॉलीत एकच गलका, "आपली गाडी, आपली गाडी". थोड्याच दिवसांत त्यांना सगळे इंग्रजी आकडे येत होते. शाळेत यासाठी मी रंगीत तक्ते लावत असे.

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला ओढ्याजवळ पडीक रान आहे. दिवाळी झाली की तिथं कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कामट्या वाकवलेल्या, वर पाचट किंवा ताडपत्री, आत शिरायचं तर वाकून. माणसं बीड जिल्ह्यातली, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या बाजूची. कधी नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीकडची. नवराबायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं किती असं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती आता लाखाच्या घरात गेली आहे. हंगामभर तोडलेल्या उसातून ती फेडायची, नाही फिटली तर पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो, साळतो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरतो. आजारपणानं एक दिवस पडून राहिलं तर खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. आणि या सगळ्यात बाईच्या नावचा वेगळा हिशेब कुठंच नसतो.

सरकारी भाषेत त्या स्थलांतरित कामगार आहेत. निर्वासित त्यांना कुणी म्हणत नाही, कारण हद्द एकाच राज्यातली आणि भाषाही एकच. रान कोरडं पडलं म्हणून घराला कुलूप लावून, म्हाताऱ्यांच्या हवाली शेळ्या करून, सहा महिने दुसऱ्याच्या जमिनीवर ताडपत्रीखाली राहायला येणाऱ्या बाईला आणखी काय म्हणायचं ते मला तरी सुचत नाही. आमच्या माढ्याला आश्रय देण्याचा मोठा अभिमान आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपूरचा विठ्ठल इथं आणून ठेवला होता, असं गाव पिढ्यान् पिढ्या सांगत आलं आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात माढ्यातली मूर्तीच मूळची असल्याचं मत मांडलं, तेव्हापासून तर बोलायलाच नको. एवढं असून आमच्या वस्तीवर तोडकऱ्यांच्या बायकांना हापशावर पाणी भरू द्यायचं की नाही, यावर दर वर्षी एकदा तरी भांडण होतंच.

मी तळावर जायला लागले त्याचं कारण लोक समाजसेवा समजतात. तसं म्हणायला माझी हरकत नाही, पण माझं कारण जुनं आहे. मी धरणग्रस्ताची मुलगी. भीमेवरच्या उजनी धरणाची पायाभरणी १९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाली आणि १९८० साली धरण पूर्ण झालं. भिंत आमच्याच तालुक्यात, भीमानगरला. पाणी साठतं ते ११७ टीएमसी. नदीकाठची जी गावं त्या पाण्याखाली गेली त्यांत आमचंही गेलं. वडील आधीच वारले होते, त्यामुळं जमिनीच्या कागदांवर आईनं अंगठा दिला. कागद मराठीत होता, पण तिला मराठीही वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायची तसदी समोरच्या माणसानं घेतली नाही. मोबदला कमी मिळाला की बरोबर मिळाला, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचं दुखणं पैशापेक्षा त्या न कळण्याचं होतं.

त्याच धरणाच्या कालव्यांनी आणि पुढं सीना-माढा उपसा सिंचन योजनेनं आमचा तालुका हिरवा केला. जिथं शाळू व्हायचा तिथं ऊस आला, कारखाने आले; कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा आज राज्यात आघाडीवर आहे. ऊस आला म्हणून तोडायला माणसं लागली, आणि ती जिथं पाणी पोचलेलं नाही तिथून आली. आमचं गाव बुडालं म्हणून त्यांना इथं यावं लागतं, असं सरळ गणित मांडता येणार नाही. पण दोन्हीच्या मधे तेच पाणी आहे आणि तळावर जाताना कालवा ओलांडावा लागतो, त्यामुळं ते विसरताही येत नाही.

कोपीत शिकवायचं तर पाहुणं होऊन शिकवावं लागतं. शाळेत घंटा वाजली की मुलं उठून उभी राहायची. इथं मी गेले की चहाचं आधण चढतं आणि ते नको म्हणता येत नाही. दूध नसतं, गूळ असतो. पहाटे तीन-चारला उठून या बायका फडावर जातात, गाडी भरून निघेपर्यंत अंधार पडलेला असतो. मग पाणी, सरपण, स्वयंपाक. भाकरी थापताना हात गुंतलेले आणि कान-डोळे मोकळे, तेवढाच वेळ बाईच्या मालकीचा. म्हणून मी चुलीच्या बाजूला बसते आणि पाटीवर अक्षर काढून धरते. भाकरी तव्यावर टाकून ती बघते, आणि हात पिठाचे असल्यामुळं परातीतल्या पिठातच बोटानं गिरवते. पुढच्या भाकरीचा उंडा घेताना अक्षर मोडतं. मग दुसरं.

सगळ्यांत चांगले वर्ग अवकाळीत होतात. पाऊस आला की रानात चिखल होतो, गाड्या रुततात, तोड बंद पडते. बागायतदार हवालदिल, मुकादम वैतागलेला, कारखान्याची गव्हाण रिकामी. आणि इकडं बायका दुपारभर मोकळ्या. पावसाला मनातून बरं म्हणणारी त्या दिवशी तालुक्यात मी एकटीच असेन.

बी.एड.ला असताना पाउलो फ्रेरे यांच्याबद्दल वाचलं होतं. ईशान्य ब्राझीलमधल्या आंगिकोस गावात त्यांनी १९६३ साली सुमारे ३०० प्रौढांना ४० तासांत वाचायला शिकवलं, आणि सुरुवात केली ती त्या माणसांच्या रोजच्या कामातल्या शब्दांपासून. परीक्षेपुरतं ते पाठ केलं होतं. तळावर बसल्यावर त्यातला कामाच्या शब्दांचा भाग पटला. ४० तासांचं मात्र मला आजही पचत नाही. इथं दिवसाला वीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा रडणाऱ्या पोराची.

आकड्यांनंतर काय शिकायचं हे मी विचारलं तेव्हा कुणी "बोलायला" असं म्हटलं नाही. मला वाटलं होतं, टीव्हीवर ऐकतात तसं एखादं वाक्य बोलून बघायची हौस असेल. एकीनं कमरेची पिशवी सोडून चुरगळलेली पावती पुढं केली. काट्यावरची पावती. गाडी कारखान्यात गेली की भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचं, आणि वजाबाकी करून उसाचं. संगणकातून छापून येताना या तिन्हींपुढं इंग्रजीत ग्रॉस, टेअर आणि नेट असं लिहिलेलं असतं. पावती ड्रायव्हरच्या हातातून मुकादमाकडं जाते आणि तोडणाऱ्याला कळतो तो फक्त तोंडी आकडा. त्या बाईनं ही पावती ड्रायव्हरकडून मागून घेतली होती. ती म्हणाली, "यातला आमचा आकडा कोन्ता ते दावा."

तीन शब्द आणि दशांश चिन्ह. पहिल्या हंगामाची सगळी इंग्रजी जवळपास एवढीच होती. दशांश चिन्हाला त्या तीळ म्हणत. तिळाच्या अलीकडं टन, पलीकडं किलो. शाळेत सातवीच्या पोरांना जे उमगायला महिना लागायचा ते इथं दोन बैठकांत बसलं, कारण चुकलं तर पैसे जात होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती बातमी तळावर मोबाइलवरून आली. त्या रात्री आम्ही टक्केवारी केली. जुना दर, त्याचे शंभर भाग, त्यातले चौतीस. हिशेब जुळल्यावर एक म्हातारी बाई म्हणाली, "आन् मुकादमाला ह्ये येतंय का?" सगळ्या हसल्या. मला त्या हसण्याची थोडी धास्ती वाटली.

धास्ती वाटायचं कारण त्याआधी घडून गेलं होतं. एका बाईनं वही घातली होती. तारीख, खेप, नेट वजन, शेजारी शेतकऱ्याची खूण: विहीरवाला, आंब्याचा बांध, लाल बंगला. पंधरवड्याच्या हिशेबाला मुकादमानं आकडा सांगितला आणि हिनं वही उघडली. एक खेप कमी भरत होती. तो आधी हसला, मग त्यानं स्वतःची वही चाळली, मग "राहिली असंल" म्हणून खेप जोडून घेतली. भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा.

"म्याडम, तुमी शिकवा, चांगलं काम हाय. पन हिशेबात नका पडू."

मी त्याला आत बोलावलं. चहा घेता घेता तो बराच बोलला. त्याचा बाप तोडणीला यायचा, तो स्वतः लहानपणी वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करत फिरलेला. आता त्याच्या नावावर वाहतूकदाराची उचल आहे. मागच्या साली तीन कोयते पैसे घेऊन दुसऱ्याच कारखान्याला गेले, ते पैसे याच्या अंगावर. दोन एकर गहाण. त्याचं ऐकून मला त्याचा राग राहिला नाही, पण खेप कमी लागली होती हेही खरंच होतं. दोन्ही गोष्टी मनात घेऊन मी तळावर जात राहिले. पुढच्या हंगामात ते वहीवालं जोडपं त्या टोळीत नव्हतं. दुसरीकडं उचल जास्त मिळाली म्हणून गेलं, असं कुणी म्हणालं. डोईजड झाली म्हणून यानंच नेलं नाही, असं कुणी. खरं काय ते मला कळलं नाही. तेव्हापासून नव्या बायकांना पहिल्या दिवशीच सांगते की वही लपवायची नाही आणि मिरवायचीही नाही. अक्षर आलं म्हणजे उचल फिटत नाही, हेही सांगते. ते त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं.

गावातल्या ओळखीच्यांना वाटतं, मी कष्टकरी बायकांना शहाणं करते आहे. या बायका अडाणी मुळीच नाहीत. उभ्या उसाकडं बघून एकरी टनेज किती पडेल हे त्या जवळजवळ अचूक सांगतात. वाढ्याच्या पेंढ्या विकून आलेल्या सुट्या पैशांवर आठवड्याचा किराणा चालवतात. त्यांच्यापुढं येणारा कागद इंग्रजीत असतो, एवढीच त्यांची अडचण. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीनं विचारलं, "आधी मराठी नको का शिकवायला?" प्रश्न रास्त आहे. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना मी दोन्ही शिकवलं. 'उल्लास'ची, म्हणजे नव्या साक्षरता कार्यक्रमाची १५० गुणांची चाचणी १७ मार्च २०२४ ला झाली, तिची तयारीही दोघींची करून घेतली. पण त्यांची नावं त्यांच्या गावच्या शाळेत नोंदलेली आणि त्या इथं फडात, पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अवकाश. चाचणी राहिली. मराठीची पुस्तिका त्यांनी नेली, वाचतही असतील. कोपीत मात्र मागणी असायची ती पावती, मोबाइल आणि औषधाच्या पाकिटाची.

मोबाइलचं प्रकरण २०२४ च्या हंगामात उसळलं. त्या वर्षी 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार रुपये सुरू झाले होते. काही जणींच्या खात्यात पैसे पडत होते, काहींच्या नाही, आणि पडले की नाही ते सांगणारा मेसेज इंग्रजीत. तोपर्यंत फोन नवऱ्याच्या खिशात असायचा. पैसे बाईच्या नावावर यायला लागल्यावर फोनही हळूहळू कोपीच्या आतल्या बाजूला राहायला लागला. क्रेडिटेड दिसलं तर आले, डेबिटेड दिसलं तर गेले. शब्द लांबलचक, म्हणून आम्ही पहिलं अक्षर धरलं: सी की डी. एक जण रोज संध्याकाळी मेसेज उघडून सगळ्या डी मोजायची. तिच्या नवऱ्यानं एटीएममधून किती वेळा पैसे काढले ते तिला अशा रीतीनं कळलं आणि कोपीत दोन दिवस चूल मुकाट्यानं पेटली.

ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं नाव आधारवर एक आणि बँकेत दुसरं होतं. कुठं एक 'ए' जास्त, कुठं 'एच' गाळलेला, कुठं माहेरचं नाव. लिहिणाऱ्यानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं आणि बाईला विचारलं नाही; विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. तो महिना आम्ही फक्त नावं केली. प्रत्येकीनं आधार कार्ड समोर ठेवून स्वतःचं इंग्रजी नाव अक्षर अक्षर पाठ केलं, गाण्यासारखं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या बायका त्याचं स्पेलिंग मात्र ठसक्यात म्हणत होत्या, त्यात नाव घेतल्यासारखं होत नाही म्हणे.

एक बाई अक्षर शिकायला कधी बसली नाही. लांबून बघायची. एका अवकाळीच्या दुपारी ती प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल घेऊन माझ्या घरी आली. "मला शिकवू नका, ह्ये तेवढं वाचा." तिच्या गावाकडच्या एका खासगी दवाखान्यातली, काही वर्षांपूर्वीची फाइल. पिशवी काढलेली, म्हणजे गर्भाशय. फाइलवर वय लिहिलं होतं २६.

हा विषय मला बातम्यांतून माहीत होता. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत काम थांबतं, खाडा लागतो, अंगावरून जातं, तेव्हा एकदाचं काढूनच टाका, असा सल्ला मिळतो आणि उचलीतूनच त्याचा खर्च होतो. वर्तमानपत्रात मी हे सगळं वाचलेलं होतं आणि हळहळले होते. फाइल हातात धरून वाचणं निराळं. ती मला विचारत होती की गाठ कुठं लिहिली आहे. तिला गाठ आहे, कॅन्सर होईल, असं सांगितलं होतं. मी सगळे कागद दोनदा वाचले. सोनोग्राफीच्या कागदावर मला कळेल असं गाठीबद्दल काही नव्हतं. मी डॉक्टर नाही, एखादा कागद फाइलीत नसेलही, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना दाखवू, असं मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "म्हंजी लिव्हलेलं न्हाई." मी गप्प राहिले. तिनं फाइल पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि कोपीकडं गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती शिकायला बसली. तिला आपलं नाव, तारीख आणि वय ही तीन ठिकाणं कागदावर शोधता यायला हवी होती, बाकी काही नको. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या जावेला तोच सल्ला मिळाला, तेव्हा हिनं आधी सोनोग्राफीचा कागद मागितला आणि तो घेऊन जावेला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं गोळ्या मिळाल्या. जाऊ आज तोडणीला येते, तिला त्यानंतर एक मुलगी झाली. बारशाचे फोटो मला फोनवर आले.

यातून मी काय शिकले असं विचारलं तर मला सांगता येण्यासारखं थोडंच आहे. पावती वाचून दाखवणं सोपं असतं, तिथं वजाबाकी असते. फाइल वाचून दाखवताना मला कळत नसलेलं मी बोलू नये आणि कळत असलेलं गिळूही नये, यातली रेघ फार बारीक आहे. त्या दुपारनंतर औषधाच्या पाकिटावरची मुदतीची तारीख मी न विचारता शिकवते. गोळी कशावरची हे मात्र सांगत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांकडं पाठवते, आणि जमलं तर सोबत जाते.

२०२० साल वेगळं होतं. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा काही टोळ्यांचं काम संपत आलं होतं आणि घरी जायला वाट नव्हती. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं तपासणी करून तोडकऱ्यांना गावी सोडायचं ठरवलं, तोवर सगळे कोप्यांत अडकून. पाचट वाळून कोळ, वर उन्हाचा कहर. मी तळावर जाऊ शकत नव्हते, बांधापर्यंत जायची. बांधावर उभं राहून मोठ्यानं स्पेलिंग घ्यायची आणि पलीकडून उत्तरं यायची. कोरोना, मास्क, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे त्यांना शेवटपर्यंत उफराटं वाटलं. त्या गावी गेल्यावर तिथून फोन यायला लागले. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवायचं आणि मी लिहून उत्तर द्यायचं, असा आमचा वर्ग पावसाळाभर चालला. रिचार्ज संपला की सुट्टी.

या सगळ्यात पोरी कुठं होत्या हे सांगायचं राहिलं. आपल्याकडं २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळं जिल्हा परिषदेच्या शाळेत चार-दोन वर्षं काढलेल्या पोरीलाही आईपेक्षा जास्त येतं. हंगामात ती शाळा सुटते. धाकट्या भावाला सांभाळत ती कोपीच्या तोंडाशी बसलेली असते आणि आई अडखळली की तिथूनच उत्तर फेकते. एका बाईनं पोरीला बजावलं, "तू भाईर जा, तू हसतीस." पोर बाहेर गेली आणि ताडपत्रीच्या फटीतून सांगायला लागली. मला शाळेतलं कॉपी प्रकरण आठवलं, पण इथं पकडायचं कुणाला? त्या पोरीला आता तिच्या आईनं तोडणीला आणणं बंद केलं आहे, ती गावाकडं वसतिगृहात राहते. आईला तिची आठवण येते तेव्हा ती मला म्हणते, तिच्यावाचून मला स्पेलिंग सुचत नाही.

आता तळावर कोप्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. मोठ्या बागायतदारांच्या रानात हार्वेस्टर फिरतो. यंत्र आलं म्हणून हळहळावं असं हे काम नाही, एवढं मी बघितलं आहे. पण ते काम जातं तेव्हा त्या जागी बीडमध्ये दुसरं काय येतं, हे मी विचारते आणि बायका खांदे उडवतात.

गेल्या हंगामात एक नवीन गोष्ट झाली. एका संध्याकाळी पाच-सहा पुरुष मागं येऊन बसले. त्यांतला एक थोडा लाजत म्हणाला, "आमाला बी शिकवा की बाई. पावती आमालाच वाचता येत न्हाई, आता हिच्या तोंडाकडं बघावं लागतंय." मला आनंदच झाला. इतकी वर्षं पुरुष लांब बसून तंबाखू मळत बघायचे, आता आपणहून आले. उद्यापासून तुमचीही पाटी आणते, म्हणाले.

ते उठून गेल्यावर बायका काही बोलेनात. भाकऱ्या थापल्याचा तेवढा आवाज. मी विचारलं, काय झालं?

"त्यास्नी कशाला शिकवताय?" सगळ्यांत गरीब स्वभावाची बाई म्हणाली.

मी म्हणाले, अहो, घरात दोघांना आलं तर बरंच की.

"दोघास्नी आल्यावर पावती माझ्याकडं कोन ठेवंल?" तिनं भाकरी उलटली. "पैल्यांदा ड्रायव्हरकडनं आणून माझ्या हातात देतेत. मी वाचते, मंग सांगते किती झालं ते. ह्ये तुमी काढून घ्यायलाव."

दुसरी म्हणाली, निदान हा हंगाम तरी थांबा. तिसरीचं मत पडलं की शिकवा, पण आकडे नका शिकवू, नुसती एबीसीडी शिकवा, ती त्यांना पुरे. यावर बराच वेळ वाद झाला आणि मी त्यात पडले नाही. पुरुषांसाठी आणलेल्या पाट्या माझ्या घरी पडवीत आहेत. ते अधूनमधून विचारतात, मी सांगते, तुमच्या घरात विचारून या.